हाडजोड नंतर, आधी गव्हाचा निकाल लावा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ५३, पाळी ४६व्या वर्षी गेली. सहा वर्षं आम्लपित्ताचा त्रास, त्यातली चार वर्षं रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ४०ची गोळी. थायरॉइडसाठी ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू. पोट फुगतं, कधी चार दिवस साफ होत नाही, तर कधी दिवसातून तीनदा जावं लागतं. त्रास होतो म्हणून आधी दूध सोडलं, मग तूर आणि हरभरा सोडला, आठ महिन्यांपूर्वी गहूही सोडला. गहू सोडल्यावर थोडं बरं वाटलं. दीड वर्षात वजन ६१ किलोवरून ५२वर आलं. हिमोग्लोबिन ९.८. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे २.३, खुब्याचा उणे १.९. व्हिडिओ पाहून सध्या सकाळी सफरचंदाचं व्हिनेगर आणि कोरफडीचा रस, जेवणाआधी अविपत्तिकर चूर्ण, रात्री त्रिफळा, शिवाय दोन वेळा हाडजोड आणि अश्वगंधा असं सुरू आहे. त्यांचं म्हणणं: "हाडांची गोळी न घेता नुसत्या आहारावर आणि वनस्पतींवर हाडं भरून येतील का? पोट शांत होईल का? प्रयोग कुठून सुरू करू?"

ताई, तुम्ही सगळं तारखांसकट लिहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. मी २८ वर्षं आयुर्वेदाची वैद्यकी करते, वनस्पतींवर माझं पोट आहे, तरीही तुमचा कागद वाचून मला हाडजोड आठवला नाही. नजर आधी तीन आकड्यांवर थांबली: नऊ किलो वजन, ९.८ हिमोग्लोबिन आणि उणे २.३. पाळी जाऊन सात वर्षं झालेल्या बाईचं रक्त कमी का, याला उत्तर हवं. न ठरवता वजन का उतरलं, यालाही हवं. पोट, रक्त आणि हाडं तिन्ही एकदम खालावतात तेव्हा खाल्लेलं अन्न अंगी लागत नाहीये, ही शक्यता सगळ्यात आधी तपासायची असते.

त्या शक्यतेतलं पहिलं नाव सीलिअॅक आजाराचं. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, आतल्या बारीक लव झिजतात, आणि लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. जुलाब झालेच पाहिजेत असं नाही. कित्येकांत नुसता रक्तक्षय आणि ठिसूळ हाडं एवढंच दिसतं, काहींना तर बद्धकोष्ठच असतं. थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांत तो जास्त आढळतो. उत्तर भारताच्या मानाने आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी, म्हणून डॉक्टरांच्याही डोक्यात तो उशिरा येतो. माझ्या डोक्यात तो फारच उशिरा आला होता. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका बाईंना मी ग्रहणी, म्हणजे आयुर्वेदातला आतड्याचा जुना आजार, समजून आठ महिने पर्पटी (त्यावरचं आमचं औषध) आणि ताक दिलं. त्यांना बरं वाटायचं, कारण पथ्यात मी गहू बंद करून ज्वारी दिली होती. श्रेय मी पर्पटीला देत बसले. पुढे मुलीच्या लग्नात त्यांनी चार दिवस पुऱ्या खाल्ल्या आणि सगळं पुन्हा मूळपदावर आलं. निदान शेवटी पोटविकारतज्ज्ञांनी केलं.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की गहू तुम्ही आधीच सोडलाय. ग्लूटेन बंद केलं की रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांत उतरतात आणि तपासणी खोटीच 'निगेटिव्ह' येते. म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा आहात त्या अवस्थेत रक्त द्या: टीटीजी आयजीए, म्हणजे सीलिअॅकची प्रतिपिंडं मोजणारी तपासणी, आणि त्याच्या जोडीला एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या प्रतिपिंडांचं प्रमाण. आठ महिन्यांनीही पॉझिटिव्ह आली तर संशय बळकट झाला, पुढचं दुर्बिणीचं काम पोटविकारतज्ज्ञ ठरवतील. निगेटिव्ह आली तर तेवढ्यावर विसंबू नका. त्यांच्या देखरेखीखाली सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू खाऊन तपासणी पुन्हा करतात. दुसरा मार्ग म्हणजे एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी. आहाराशी तिचा संबंध नसतो, आणि ती निगेटिव्ह आली तर सीलिअॅक जवळजवळ निकालात निघतो. ती महाग पडते, पण सहा आठवडे पोट फुगवून बसण्यापेक्षा कुणाला परवडते.

आणि समजा सीलिअॅक नसलाच, तरी पन्नाशीनंतर वजन घटलंय आणि रक्त कमी आहे म्हणजे दुर्बिणीची तपासणी हवी, जठराचीही आणि मोठ्या आतड्याचीही. मलातलं रक्त, काळी शी, गिळताना अडकणं, रात्री पोटाने जाग येणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काही असेल तर या आठवड्यातच जा. हे होईपर्यंत नवी वनस्पती एकही सुरू करू नका. घाबरवायला लिहीत नाहीये. पण आधीच सहा गोष्टी चालू असताना सातवी सुरू केली, तर कशाने काय झालं हे मला काय, कुणालाच सांगता येणार नाही.

आता त्या सहा गोष्टींकडे बघू.

अविपत्तिकर चूर्णाच्या पाठात सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलची आणि तमालपत्र अशी अकरा द्रव्यं एकेक भाग असतात. त्या सगळ्यांइतकी म्हणजे अकरा भाग लवंग, ४४ भाग निशोत्तर आणि ६६ भाग साखर. बेरीज १३२. म्हणजे चमचाभर चूर्णात अर्धा चमचा साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर, जे सरळसरळ विरेचक, म्हणजे जुलाब करवणारं आहे. पित्त खाली काढून टाकायचं हा त्यामागचा विचार, आणि पित्त चढलेल्या, कोठा जड असलेल्या माणसाला थोडे दिवस ते छानच लागू पडतं. पण हे रोज घ्यायचं चूर्ण नव्हे. त्यावर तुमचा कोरफडीचा रस, तोही रेचक. रात्री त्रिफळा, तेही सारकच. ताई, तुम्ही दिवसातून तीन रेचकं घेताय आणि विचारताय की मध्येच तीनदा का जावं लागतं! तीन दिवस बंद ठेवलीत की चार दिवस साफ होत नाही, कारण आतड्याला धक्क्याची सवय लागलीय. सोनामुखी असलेल्या तयार चूर्णांचंही हेच. वर्षानुवर्षं घेतली तर पोटॅशियमही खालावतं.

यातलं ठेवायचंच तर त्रिफळा ठेवा, रात्री कोमट पाण्याबरोबर अर्धा ते एक छोटा चमचा. कोरफड आणि अविपत्तिकर थांबवा. पहिला आठवडा पोट रुसेल. तेव्हा एक चमचा इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यातून घ्या, पण इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवून, नाहीतर गोळ्या त्याच्यातच अडकून बाहेर जातात. व्हिनेगर आजच बंद करा. छातीत जळजळ असलेल्या माणसाने उपाशीपोटी आम्ल का प्यावं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही, आणि दातांवरचं कवच त्याने झिजतं हे तर दंतवैद्य रोज बघतात.

अश्वगंधा मला आवडणारी वनस्पती आहे. झोप, अशक्तपणा, मनाची घालमेल यांत मी ती वापरते. पण तुम्ही थायरॉइडची गोळी घेताय. अश्वगंधा काही जणांत थायरॉइडचं संप्रेरक वाढवते, आणि ते गरजेपेक्षा वाढलं की हाडं झपाट्याने झिजतात. हाडांसाठी घेतलेली मुळी हाडांवरच उलटायची. वजन उतरायला हेही एक कारण असू शकतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) लगेच तपासा आणि तोवर अश्वगंधा बंद ठेवा. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही अश्वगंधेच्या नावावर आहेत. थोड्या आहेत, पण आहेत. गुळवेलीबद्दल २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी अशाच सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा मोठा वाद झाला. ती खरी गुळवेल नव्हे, तिची बहीण असलेली दुसरी वेल असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. दोघांचं काही का असेना, मला त्यातून एवढंच दिसलं की चार महिने रोज एखादी वनस्पती घेणाऱ्याने यकृताची एक साधी तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे.

आता हाडजोड. आपल्याकडे कांडवेल म्हणतात, चौकोनी कांड्यांची, कुंपणावर चढणारी. दक्षिणेत हिची चटणी करतात, चिंच घालून आणि तेलात नीट परतून, कारण कच्ची खाल्ली तर आतल्या ऑक्झलेटच्या सुयांनी तोंडाला आणि घशाला खाज सुटते. मोडलेलं हाड जुळून येताना मी ती देते, लाक्षादी गुग्गुळातही ती आहे. तिथे वेदना आणि सूज लवकर उतरते असा माझा अनुभव. पण अस्थिभंग जुळणं वेगळं आणि विरळ झालेलं हाड दाट होणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी माणसांवर झालेले अभ्यास लहान आणि थोड्या मुदतीचे आहेत. हाडजोडाने टी-स्कोअर सुधारेल असं मी कुठल्याही रुग्णाला सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. दुर्बिणीचा अहवाल आल्यावर, इच्छा असेल तर तीन महिने घ्या. पण तिच्या भरवशावर दुसरं काही टाळू नका.

भस्मांचं एक सांगून टाकते, कारण पुढची सूचना तुम्हाला तीच मिळणार आहे. शंखभस्म, कपर्दिक, प्रवाळपिष्टी हे सगळं रसायनशास्त्राच्या भाषेत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. म्हणूनच यांच्यापासून बनणारं कामदुधा घेतलं की जळजळ शमते; तो अँटासिडच आहे, चांगल्यापैकी. पण "यात नैसर्गिक कॅल्शियम आहे, हाडांना पुरेल" हा हिशेब चुकतो. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं. २५० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम, आणि पाळी गेलेल्या बाईची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे १,२०० मिलिग्रॅम.

धातूंच्या रसौषधींच्या वाटेला तर अनोळखी दुकानातून किंवा इंटरनेटवरून अजिबात जाऊ नका. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, त्यातल्या सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आमच्या शास्त्राची बदनामी म्हणून हा अभ्यास झटकून टाकणारे सहकारी मला माहीत आहेत. मी झटकत नाही, कारण शिसं शरीरात गेलं की हाडांतच जाऊन बसतं, आणि पाळी गेल्यावर हाड झिजायला लागलं की तिथून पुन्हा रक्तात उतरतं. शिशाच्या विषबाधेची लक्षणं काय? पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय. ओळखीची वाटतात ना? गेल्या काही वर्षांत लेबल नसलेली गोळी किंवा पूड कुणाकडून घेतली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. सांधेदुखीच्या पुड्यांत मिसळलेलं स्टेरॉइड हा दुसरा छुपा शत्रू. चार दिवसांत गुण आणि दोन वर्षांत हाडांचा भुगा.

तुमच्या पोटाची आणि हाडांची खरी गाठ कुठे बसलीय, तेही सांगते. तुम्ही पोटासाठी एकेक पदार्थ सोडत गेलात, आणि सोडलेला प्रत्येक पदार्थ हाडांच्या ताटातला होता. दुधाने कॅल्शियम गेलं, डाळींनी प्रथिनं गेली. तुमच्या लिहिण्यावरून सध्याचं ताट मांडलं: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाचं पातळ वरण, भाजी, दोन चहात मिळून अर्धा कप दूध. यात कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, प्रथिनं जेमतेम ३० ग्रॅम. ५२ किलोच्या बाईला प्रथिनं ५२ ते ६० ग्रॅम लागतात. हाडाचा आकारमानाने निम्मा भाग प्रथिनांचा असतो, नुसता चुना नव्हे. पण हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं आणि सगळे कॅल्शियमच्या गोळ्या मोजत बसतात.

आमच्या ग्रंथांत ही गाठ फार पूर्वी दिसलेली आहे. सुश्रुताच्या टीकेत डल्हणाने पुरीषधरा कला (मळ धरणारं आवरण) तीच अस्थिधरा कला (हाडं धरणारं आवरण) असं म्हटलं, आणि अस्थीच्या आजारांवर चरकाने पहिलं नाव घेतलं ते पंचकर्माचं, विशेषतः बस्तीचं (गुदमार्गाने द्यायच्या औषधी एनिमाचं), आणि कडू द्रव्यांनी सिद्ध केलेल्या दूध-तुपाचं. आधुनिक शरीरशास्त्रात कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं आणि पुरीषधरा कला मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते, तेव्हा दोन्ही ओढूनताणून जुळवायच्या भानगडीत मी पडत नाही. पण कोठा बिघडलेल्याची हाडं तपास आणि हाडं दुखणाऱ्याचा कोठा विचार, ही शिस्त मला तिथूनच लागली. पंचतिक्त घृत (पाच कडू वनस्पतींनी सिद्ध केलेलं तूप) आणि बस्ती तुमच्यासाठी पुढे विचारात घेता येतील, निदान झाल्यावर आणि जवळच्या वैद्याच्या हातूनच. आज घरच्या घरी तूप प्यायला सुरुवात कराल तर जळजळ आणि फुगारा दोन्ही वाढतील.

मग प्रयोग कसा करायचा? एक वही करा. सकाळची शी कशी झाली, जळजळ किती वाजता, फुगारा कधी, दिवसभरात काय खाल्लं, झोप कशी. एवढंच, रोज पाच ओळी. एका वेळी एकच बदल, तोही १४ दिवस. आणि सोडण्याइतकंच परत खाऊन बघणंही प्रयोगाचा भाग आहे, हा भाग सगळे विसरतात. एखादा पदार्थ सोडून बरं वाटलं, याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी लागली असेल, किंवा सासूबाई गावी गेल्या असतील. तो परत खाल्ल्यावर दोनदा तसाच त्रास झाला, तर मात्र मानायचं.

सुरुवात दुधापासून, पण दुधाच्या कपाने नव्हे. मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होणं हे आपल्या देशात बहुसंख्यांचं लक्षण आहे, त्याला आजार म्हणायचं कारण नाही. विरजताना ती साखर थोडी खर्ची पडते, शिवाय दह्यातले जंतूही पचवायला हातभार लावतात. म्हणून दुपारच्या जेवणात वाटीभर ताजं, न आंबलेलं ताक, जिरेपूड आणि किंचित सैंधव घालून. आंबट ताकाने जळजळ वाढते, तेव्हा सकाळी विरजलेलं दुपारीच वापरा. चार दिवस सोसलं तर दोन वाट्या. मग दही. मग जेवणासोबत पाव कप दूध, मग अर्धा कप. बहुतेकांना जेवणाबरोबर एक कप निभतो, उपाशीपोटी तोच त्रास देतो.

त्यानंतर नाचणी. १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, धान्यांत याच्या जवळ दुसरं कुणी नाही. पण नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं बरंच हातचं जातं, म्हणून आपल्या आज्या ती भिजवून, मोड आणून, आंबवून वापरत. रात्री दोन चमचे पीठ ताकात कालवून ठेवा, सकाळी पाण्यात शिजवून पातळ आंबील करा, वरून जिरं. पहिल्या आठवड्यात एवढंच. एकदम दोन भाकऱ्या खाल्ल्यात तर फुगारा येईल आणि दोष बिचाऱ्या नाचणीच्या माथी. सोसवत गेलं की ज्वारीची एक भाकरी नाचणीची करा.

डाळींकडे परतताना मूग, मग मसूर, शेवटी तूर. सहा तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात आलं आणि हिंग घालून शिजवा. वायू धरणारी साखर बरीचशी त्या ओतलेल्या पाण्यात जाते. पहिल्यांदा अर्धी वाटी, पण घट्ट. पातळ वरणाची वाटी पिऊन डाळ खाल्ल्याचं समाधान मिळतं, प्रथिनं नाही. अंडं चालत असेल तर रोज एक, कारण त्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पोटाला ते हलकं. मासे चालत असतील तर मांदेली, सुकट अशी काट्यासकट खायची मासळी उत्तम, फक्त सुक्या मासळीचं मीठ धुऊन टाका. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियम वाहून जातं, मग ते मीठ मासळीचं असो, पापडाचं असो की लोणच्याचं.

हिंगाचं एक लक्षात ठेवा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. सीलिअॅक ठरला तर तुमचं 'गहू बंद' रोज फोडणीत मोडत असेल. हिंगाष्टक चूर्णही त्याच हिंगाचं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पुडीवर वाचून घ्या. हिंगाष्टक वायूला फार छान, पहिल्या दोन घासांना तुपाबरोबर, चिमूटभर. पण तुमची जळजळ शमेपर्यंत नको, कारण त्यात सुंठ, मिरी, पिंपळी आहे. तोवर धने-जिऱ्याचं पाणी प्या. ज्येष्ठमध कुणी सुचवला तर रोज महिनोन्महिने घेऊ नका. रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

आता हिशेब पुन्हा मांडा. पाव लिटर दुधाचं दही किंवा ताक म्हणजे ३०० मिलिग्रॅम, चहातलं आणि वरचं दूध १२०, एक मोठी नाचणीची भाकरी आणि आंबील मिळून ७० ग्रॅम पीठ म्हणजे २४०, दीड चमचा तिळाची चटणी १५० ते २००, शेवग्याच्या पाल्याची किंवा मेथीची वाटीभर भाजी दीडशेच्या आसपास. हजाराच्या घरात जातं. पालकाला यात धरू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला सोडत नाही. उरलेले दोन-अडीचशे गोळीतून घ्यायचे. पण पॅन्टोप्राझोल चालू आहे तोवर ती गोळी कॅल्शियम सायट्रेटची असावी. कार्बोनेटला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि ते तर तुम्ही रोज सकाळी दाबून टाकताय. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास कॅल्शियम नको.

पॅन्टोप्राझोलबद्दल. दीर्घकाळ घेणाऱ्यांत हाड मोडण्याचा धोका थोडा वाढलेला दिसतो, बी१२ आणि मॅग्नेशियम उतरू शकतं, लोहाचं शोषण कमी होतं. म्हणून ती उद्यापासून फेकून द्यायची? अजिबात नाही. अचानक थांबवली की जठर दुप्पट जोमाने आम्ल करतं, दोन-तीन आठवडे भयंकर जळजळ होते आणि माणूस म्हणतो, मला तर गोळीशिवाय जगताच येत नाही. दुर्बिणीत व्रण किंवा अन्ननलिकेची सूज नसेल, तर डॉक्टरांना विचारून ४०ची २० करा, महिन्याने एक दिवसाआड, मग लागेल तेव्हा. त्या काळात रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांनी सहा इंच उचललेले. कामदुधासारख्या औषधाचा खरा उपयोग या गोळी उतरवण्याच्या महिन्यांत होतो, तोही वैद्याला विचारून.

ड जीवनसत्त्व तपासा. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी फारच थोडं आत जातं. ६० हजार युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक, आठ आठवडे देतात. आठवड्याला एक, रोज नव्हे! रोज घेऊन कॅल्शियम चढलेले, उलट्या आणि बद्धकोष्ठाने आलेले रुग्ण मी पाहिलेत, आणि तेही आधी पोटाचंच औषध मागायला आले होते. ऊन घ्यायचं तर अकरा ते एकच्या दरम्यान, हात आणि पाठ उघडी ठेवून. सकाळी सातचं कोवळं ऊन मनाला छान, कातडीत ड जीवनसत्त्व तयार करायला दुबळं.

हाडाला भार लागतो. नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून तीनदा. भिंतीला धरून टाचा वर उचलून हलकेच आपटा, वीस वेळा. जिने चढा. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन अशी कंबरेतून पुढे वाकणारी आसनं सध्या बंद, आणि वाकून भरलेली बादली उचलणंही बंद. विरळ मणका तिथेच चेपतो. उंची चार सेंटिमीटरपेक्षा जास्त घटली असेल किंवा पाठीत अचानक कळ येऊन बसली असेल, तर मणक्याचा एक्स-रे हवा.

"गोळी न घेता" या तुमच्या अटीवर मी सही करत नाही. ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, रेघ उणे २.५वर आहे, आणि तुमचं उणे २.३ तिच्या अलीकडे थोडंच. औषध लागेल की नाही हे वय, लवकर गेलेली पाळी, आईचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड घेतलंय का, या सगळ्यावरून ठरतं. सीलिअॅक निघाला तर चित्रच बदलतं: गहू काटेकोर बंद केल्यावर आतडं सावरतं आणि हाडांची घनता बऱ्याच जणांत पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप सुधारते. तो नसेल आणि औषध सुचवलं गेलं, तर जळजळ आहे हे आवर्जून सांगा. आठवड्याची अॅलेन्ड्रोनेटची गोळी अन्ननलिकेला टोचते, त्याऐवजी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध असतं. त्याआधी ड जीवनसत्त्व भरून घ्यावं लागतं.

पोट तुम्हाला तीन-चार आठवड्यांत उत्तर देईल. हाडाचं तसं नसतं. जुनं हाड खरवडून नवं भरायचा एक फेरा चार-सहा महिन्यांचा, आणि डेक्सावर फरक दिसायला दीड-दोन वर्षं. "हाडजोड सुरू केल्यापासून गुडघे हलके वाटतात" यावरून घनतेचा अंदाज बांधू नका, गुडघ्याला घनतेतलं काही कळत नाही. पुढची डेक्सा त्याच यंत्रावर करा. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. शिबिरात टाचेला जेल लावून करतात ती तपासणी यात धरू नका.

या आठवड्यात एवढंच करा: टीटीजी आणि एकूण आयजीए, टीएसएच, बी१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), यकृताची तपासणी, आणि पोटविकारतज्ज्ञांची वेळ. अहवाल आले की वहीच्या पहिल्या १५ दिवसांसकट मला पाठवा, मग त्रिफळा ठेवायचा की तोही काढायचा ते ठरवू. कोरफडीच्या रसाची बाटली अर्धी उरली असेल तर ओतून टाका. कुंडीतली कोरफड राहू द्या, भाजल्यावर उपयोगी पडते.